नवरीच्या जीपमधली टिकटिक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, हे मला कधी आठवून पाहावं लागलं नाही. ते एकोडीचे सदाशिवमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. मामांनी मला आपल्या घरी आणलं, सायकलच्या दांडीवर बसवून साकोलीच्या शाळेत पोचवलं, आणि रोवण्याच्या, म्हणजे धान लावण्याच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात चिखलात असताना मला मात्र पुस्तक घेऊन ओसरीवर बसायला लावलं. "एक माणूस कमी झाला तं धान पिवळं नाई पडत," असं ते शेजाऱ्यांना सांगत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या ओसरीमुळे. पुढे जवाहरनगरला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, कारखान्याच्या बसनं वेळेवर जाणं-येणं सुरू झालं. पण मामांसाठी काही करायची संधी आली ती ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात, त्यांच्या सुमनच्या लग्नात.

सुमनचं सासर अर्जुनीच्या अलीकडे, नवेगावच्या जंगलापलीकडचं एक गाव. वऱ्हाड ट्रकनं जाणार होतं. मामांची इच्छा एवढीच, की पोरीनं ट्रकमध्ये उभं राहून सासरी जाऊ नये. मी म्हणालो, "जीप मी आणतो." त्या तीन शब्दांमागे काय काय येणार आहे याची मला कल्पना नव्हती. आमच्या वसाहतीतल्या बऱ्याच जणांनी नवेगावचा तलाव पाहिलेला नाही आणि काहींनी जुन्या पेट्रोल गाड्या हौसेनं घेतल्या आहेत. या दोघांसाठीही मी हे लिहितो आहे.

तुमसर

तुमसरला मी ज्यांच्या मुलांना सुट्टीत शिकवलं होतं त्या राईस मिलवाल्या शेठजींकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. त्यांनी ती आनंदानं दिली, सोबत मिलचा ड्रायव्हर गणपतही दिला. सकाळी मिलवर पोचलो तेव्हा कोंड्याची धूळ उन्हात तरंगत होती. गणपत फाटकासमोरच्या टपरीवर चना-पोहे खात बसला होता. मलाही त्यानं बळेच एक बशी घ्यायला लावली. तर्री अशी, की डोळ्यांत पाणी आणि नाकाला धार.

"उन्हाळ्यात ही गाडी हवा धरत होती," तो सांगू लागला. "आता नाई धरत. बाबुलाल मिस्त्रीनं बिजलीचा पंप बसवला."

हवा धरणं म्हणजे काय ते सांगतो. जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. मे महिन्यात इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ ओढता येत नाही, आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मग पंपाला ओलं फडकं गुंडाळून झाडाखाली बसायचं. बॅटरीवर चालणारा पंप टाकीजवळ, थंड जागी बसतो आणि पेट्रोल मागून ढकलत राहतो, म्हणून वाफ होत नाही. उपाय खरा आहे. पण मिस्त्रीनं बसवलेला पंप नागपूरच्या भंगारातून आणलेला, कुठल्यातरी मोठ्या इंजिनाचा होता, आणि त्याचा खटका चावीशी न जोडता गणपतच्या गुडघ्याजवळ वेगळा दिला होता.

गणपतनं खटका दाबला. मागून टिक-टिक-टिक असा आवाज सुरू झाला. गाडी लगेच सुरू झाली. मिस्त्री हात पुसत समोर आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "अब आँख मूंद के रायपूर तक जाव, साहब."

मला कोणी साहेब म्हटलं की मी आधीच गोंधळतो. काळजीची पहिली बारीक सुई मला टोचली ती तुमसर सोडल्यावर, चहाला थांबलो तेव्हा. गाडी बंद होती. टिकटिक चालूच होती.

एकोडी

हा आवाज मी दोन दिवस ऐकत होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं एक लहान भांडं असतं. भांडं भरलं की आतला पोकळ तरंगता गोळा वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. वाट बंद झाली की पंपाला ढकलायला जागा उरत नाही, त्याची टिकटिक मंदावायला हवी. आमची मंदावत नव्हती. याचा अर्थ पेट्रोल कुठंतरी जात होतं.

मांडवाच्या मागे चिंचेखाली जीप उभी होती. तिथं मी गणपतला हे सांगितलं. तो पत्रावळीवर बुंदी आणि वांग्याची भाजी एकत्र कालवून खात होता.

"वासूभाऊ, तुमी धानाच्या गावचे ना?" तो म्हणाला. "बांधी भरून ठेवली का पाणी तुटत नाई. तसंच हे. गाडी उभी असली तरी पंप चालू ठेवाचा, म्हंजे नळी भरून राह्यते. मंग हवा धरतेच कशी?"

आमच्या भागात धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. बांधीत पाणी साठवून ठेवणं हे इथल्या माणसाच्या हाडात मुरलेलं शहाणपण. रिकामी बांधी म्हणजे बेपर्वाई. गणपतही मूळचा शेतकरीच, त्यामुळे त्यानं गाडी बांधीसारखी सांभाळली होती.

"पण बांधी जास्त भरली का पाणी धुऱ्यावरून जाते ना गा?" मी म्हणालो. "इथं धुऱ्यावरून पेट्रोल जाईल. अन् त्याच्या खालीच तापलेला लोखंडाचा नळ आहे."

"तुमचा धुरा कागदावरचा," तो हसला. "बुंदी घ्या."

मी बुंदी घेतली आणि पत्रावळीवर तशीच ठेवली. लग्न लागलं, अक्षता पडल्या, सनई वाजली, आणि माझं लक्ष चिंचेखाली. मामांना सांगावं का? त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी एक समाधान होतं, जे मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारी येऊन जीपच्या बॉनेटवर हात फिरवून जात आणि मामा म्हणत, "आमच्या वासूनं आणली." शेवटी मी त्यांना फक्त एवढंच म्हणालो, की गाडी जुनी आहे, हळू नेऊ.

आमच्याकडे मुलीसोबत पहिल्या खेपेला माहेरचं एक माणूस सासरी जातं आणि चार-आठ दिवसांनी वडील तिला न्यायला येईपर्यंत राहतं. मामांनी माझा हात धरून सुमनच्या हातावर ठेवला. "पोरगी तुह्या भरवशावर धाडतो," ते म्हणाले. "मी पुढच्या हप्त्यात याच जीपनं न्यायला येतो."

याच जीपनं.

साकोलीच्या पुढे

पुढच्या सीटवर गणपत आणि नवरदेवाची आत्या. मधे सुमन आणि नवरदेव मोरेश्वर. सर्वांत मागे सुमनची पेटी, गादीची गुंडाळी, फळांच्या टोपल्या आणि त्यांच्यामध्ये घडी होऊन मी. वऱ्हाडाचा ट्रक आधीच निघून गेला होता.

साकोली मागे पडली आणि रस्त्याला जंगल लागलं. पळसाला फुलं नव्हती, पण पानं मोठाली, हिरवीगार. सागाच्या झाडांवर मात्र एक पान नाही. मधेच तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या बाया डोक्यावर गठ्ठे घेऊन एका ओळीत चाललेल्या. एका वळणावर पानाच्या द्रोणात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि चारोळीची चारं विकायला बसलेली म्हातारी दिसली. मोरेश्वरनं गाडी थांबवायला लावून सुमनसाठी दोन द्रोण घेतले. टेंभराचा गर जिभेला गोड लागतो आणि मागून जरा चिकटतो. सुमन लाजत खात होती. पहिल्यांदाच ती मला लग्न झालेली वाटली.

त्या दोन मिनिटांतच मला वास आला. मी पेटीवरून उडी मारून खाली उतरलो आणि बॉनेट उघडायला लावलं. कार्बोरेटर ओला होता. खालच्या बाजूला एक थेंब धरत होता, फुगत होता, आणि गरम नळावर पडून चुर्र करून उडून जात होता. तो नाहीसा व्हायच्या आत वर दुसरा तयार.

"आता पाहा, गणपतभाऊ. खटका बंद करा."

गणपतनं पाहिलं. "तहानलेल्या गाडीले घाम येते," तो म्हणाला, पण आवाज जरा उतरला होता. त्यानं खटका बंद केला. मी जागेवर जाऊन बसलो आणि पहिल्यांदा पाय लांब केले.

पुढच्या चढावर गाडी आचके देत बंद पडली. मी ओरडून खटका चालू करायला लावला, पण बंद पंपाच्या नळीत वाफ भरली होती आणि गाडी उचलेना. सावलीचं झाड एकही जवळ नाही, ऊन भाजतंय, शालू नेसलेली नवरी घामानं डबडबलेली.

आत्याबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "काय गा, तूच सांगतलं ना बंद कर म्हून? शिकेल माणूस गाडीत असला का गाडी अशीच अडते?"

मोरेश्वर हसू दाबत होता. गणपतनं पाण्याच्या छागलीतलं निम्मं पाणी नळीवर ओतलं. बऱ्याच वेळानं गाडी गुरगुरली. त्यानं खटका चालूच ठेवला आणि वर म्हणाला, "आता याले हात लावाचा नाई."

दोन्हीकडून आमची कोंडी झाली होती. पंप बंद ठेवला तर गाडी अडते, चालू ठेवला तर गळते. मी मनाशी हिशेब मांडला. इंजिन चालू असतं तोवर ते पेट्रोल पीत असतं, म्हणून गळती थोडी. धोका उभ्या गाडीत, इंजिन बंद आणि पंप चालू असताना. म्हणून इंजिन थांबताक्षणी खटका बंद करायचा आणि निघताना चालू करायचा, एवढं जमलं तरी पुरे. मागे चढण्याआधी मी हे गणपतच्या कानाशी वाकून सांगितलं. तो मान हलवून हो म्हणाला. पण ज्या माणसानं आयुष्यभर बांधी भरलेली ठेवली, त्याचा हात अशा वेळी खटक्याकडे जाईल याची मला खात्री वाटेना.

नवेगावचा तलाव आला. सात टेकड्यांनी धरलेलं एवढं पाणी मी आधी फक्त चित्रात पाहिलं होतं. काठावर जाळी वाळत होती, दूर बगळ्यांची पांढरी रांग. "वासूभाऊ, पाहाना!" सुमन म्हणाली. मी पाहिलं, पण खरं सांगतो, मी श्वास घेत होतो तो फक्त वासासाठी.

गावची शीव

आमच्याकडे नवरीला ओवाळतात ते घराच्या दारात. त्या गावात पद्धत निराळी. तिथं गावच्या शिवेवर, मातामाय या गावदेवीच्या दगडाजवळ, घरच्या बाया आरती घेऊन येतात. आधी गाडीला ओवाळतात, मग गाडीतच बसलेल्या नवरीला. तोवर नवरीनं जमिनीला पाय लावायचा नाही. हे आत्याबाईंनी शेवटच्या वळणावर सांगितलं, आणि मला गरम नळावरचा तो थेंब आठवला.

दिवस अजून बराच वर होता. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठावर सनईवाला, डफडंवाला, पोरंठोरं आणि सात-आठ बाया. मधल्या बाईच्या हातात थाळी, थाळीत पाच वाती पेटलेल्या, नारळावर कापूर. गणपतनं त्यांच्यापासून दहाएक पावलांवर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि वाजंत्री ऐकून खुशीत खाली उतरला. आत्याबाईही उतरून बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

टिक-टिक-टिक.

"गणपतभाऊ, खटका!" मी ओरडलो. डफड्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? वाटेतल्या धक्क्यांनी सरकलेली पेटी आणि गादी यांच्यामध्ये माझे गुडघे अडकले होते. वास आता स्पष्ट होता, नाकात झोंबणारा. बॉनेटच्या फटीतून उन्हात काहीतरी थरथरताना दिसलं. थाळी घेतलेली बाई गाडीकडे यायला निघाली.

सुमननं मागे वळून पाहिलं. "काय झालं, वासूभाऊ?"

"पेट्रोल गळून राहिलं. दिवा गाडीजवळ नको. कसंही कर, पण नको."

आरती परत फिरवणं म्हणजे काय, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. नवऱ्याच्या गावचा पहिला क्षण, समोर सगळं सासर. ती एक पळभर तशीच बसली. मग तिनं शालू एका हातानं वर धरला आणि मोरेश्वर काही बोलायच्या आत गाडीतून उतरून जमिनीवर उभी राहिली.

"आत्याबाई, दिवा तिथंच राहू द्या," ती मोठ्यानं म्हणाली. "मीच येतो तिथं."

डफडं थांबलं. सनईनं एक सूर मधेच सोडला. सुमन चालत गेली आणि थाळीसमोर उभी राहिली. मोरेश्वर तिच्या मागून उतरला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्यासाठी मी त्याला जन्मभर मान देईन.

तेवढ्यात मी गादीवरून सरपटत पुढे गेलो आणि खटका बंद केला. टिकटिक थांबली तेव्हा कानात शांतता दुखली. गणपत पळत आला, बॉनेट उचलून पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं चार माणसं हाताशी घेतली आणि जीप मागे, आरतीपासून दूर ढकलत नेली.

इकडे कुजबुज सुरू झाली. "पाय लावला व नवरीनं." "माहेरच्यानंच शिकवलं." थाळीवाल्या बाईनं सुमनला ओवाळलं खरं, पण तोंड मिटून. आत्याबाई फणकारल्या, "दिव्याचं भेव वाटणारी माणसं! गाडीची नजर तरी उतरवू द्या." आणि पेटत्या कापराचा नारळ उचलून त्या जीपकडे निघाल्या, जीप आधी उभी होती त्या पेट्रोलनं ओल्या झालेल्या धुळीवरून.

"नको!" मी आणि गणपत एकदमच ओरडलो. गणपत जवळ होता. त्यानं त्यांचं मनगट धरून मागे ओढलं आणि त्या ओढीत नारळ हातातून सुटला.

भप्प असा आवाज झाला. निळी ज्योत धुळीवरून धावली, कमरेएवढी वर आली, आणि कोणी हाक मारायच्या आत विझली. उरला फक्त काळा डाग आणि करपलेल्या गवताचा वास. कोणाला काही झालं नाही. आत्याबाई तिथंच खाली बसल्या आणि पाणी मागितलं.

तरीही रात्रीच्या जेवणापर्यंत मला धाकधूक होती. आग एका क्षणाची, पण सुमनला त्या घरात जन्म काढायचा होता. पंगतीत तलावाची मासोळी आणि नव्या तांदळाचा भात वाढला होता. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात मासोळी चालत नाही, इथं तिच्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. कोणीतरी पुन्हा पाय लावल्याचा विषय काढला. तेव्हा सुमनचे सासरे, जे दिवसभर फार बोलले नव्हते, भात कालवत म्हणाले, "मांगं एका लग्नात नवरीची बैलांची दमणी शिवेवरच चिखलात फसली होती. ते पोट्टी गुडघाभर चिखलातून चालत आली अन् आरतीसमोर उभी झाली. इचारा तिले, काही वाईट झालं का." आणि त्यांनी वाढायला उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बोट केलं. सासूबाईंनी पदराआड तोंड लपवलं, आणि पंगत हसली. मी तेव्हा कुठं पहिला घास नीट चावला.

सकाळी मी आणि गणपतनं मिळून बिजलीच्या पंपाची नळी काढून टाकली आणि इंजिनाचा जुना पंप परत जोडला. थंड्या वेळी निघालं तर हवा धरायची भीती नव्हती. पुढे मी तुमसरला गेलो तेव्हा बाबुलाल मिस्त्रीनं वेगळा, कमी दाबाचा पंप आणून बसवला होता: टाकीजवळ, टाकीपेक्षा खाली, सायलेन्सरपासून दूर. वाटेत फ्यूज, आणि इंजिनातल्या तेलाच्या दाबावर चालणारा एक खटका, जो इंजिन थांबलं की आपोआप पंप बंद करतो. जुनी गाडी असलेल्यांनी एवढं तरी करावं. आणि भांडं भरल्यावरही टिकटिक मंदावत नसेल, तर कोणाचंही न ऐकता गाडी थांबवावी, खटका बंद करावा आणि माणसं खाली उतरवावी.

पण ते नंतरचं. त्या सकाळी गणपत रिकामी जीप घेऊन निघाला तेव्हा म्हणाला, "मामाजीले तुमीच लिहून द्या. माह्या तोंडून ते गंमत वाटन." मामा सावकाश, अक्षर लावून वाचतात. म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या खिशात घातली. ती अशी होती:

तीर्थरूप मामाजींना वासूचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुमन सुखरूप पोचली. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. तिच्या सासऱ्यांना हसवता येतं.

तुम्ही या जीपनं तिला न्यायला येऊ नका. गणपत आग्रह करेल, तरी येऊ नका. गाडीचा नवा पंप पेट्रोल सांडत होता आणि काल ते पेटलं. आज तो काढला, पण जुन्या पंपावर गाडी उन्हात अडते. कोणी भाजलं नाही. सुमन वेळेवर उतरली म्हणून नाही भाजलं. गाडी दुरुस्त झाली असं मी स्वतः पाहीन तोवर बसनं या. शेवटचा रस्ता पायी आहे, ऊन उतरल्यावर निघा.

इथले लोक तुम्हाला सांगतील की तुमच्या पोरीनं शिवेवर पाय लावला. ते खरं आहे. मी लावायला सांगितला नव्हता. मी फक्त दिवा जवळ नको म्हणालो, उतरायचं तिनं ठरवलं.

रात्री तिच्या सासूनं तिला विचारलं, तुले कसं समजलं व पेट्रोल सांडलं म्हून? सुमन म्हणाली, मले पेट्रोलचं काई नाई समजलं, पण वासूभाऊ कधी ओरडत नाई. तो ओरडला म्हून मी उतरली.

तुमचा,
वासू